समुद्राविना बंदर: सेव्हर्नकाठचे ब्यूडली

इंग्लंडच्या नकाशावर ब्यूडली शोधू लागले की ते देशाच्या जवळजवळ पोटात, वूस्टरशायर काउंटीच्या वायव्य कोपऱ्यात सापडते. समुद्र तेथून कोणत्याही दिशेने लांब आहे. ज्या सेव्हर्न नदीच्या काठी हे गाव वसले आहे, तिच्यात भरतीचे पाणी वर चढते ते ग्लॉस्टर शहराच्या आसपासच थांबते, म्हणजे ब्यूडलीच्या कितीतरी खाली. असे असूनही सतराव्या आणि अठराव्या शतकांत इंग्लंडच्या मधल्या भागातील व्यापाऱ्यांच्या तोंडी या गावाचे नाव एखाद्या समुद्री बंदरासारखे असे, आणि ब्रिस्टलच्या गोदीत उतरलेली साखर, तंबाखू आणि दारूची पिंपे येथील धक्क्यावर येऊन पडत. भूगोलाने फारशी शिफारस केलेली नसताना एखादी जागा बंदर कशी होते, आणि नदी जागची हललेली नसताना ती बंदर असणे कसे थांबते, हे दोन प्रश्न मनात घेऊनच मी तेथे गेलो होतो. पाहण्यासारखे तेथे इतरही पुष्कळ आहे. मात्र हे प्रश्न बाजूला ठेवून गेल्यास ब्यूडली म्हणजे नुसती सुंदर जुन्या घरांची एक रांग वाटेल, आणि तशा रांगा इंग्लंडमध्ये कमी नाहीत.

बर्मिंगहॅमहून किडरमिन्स्टरपर्यंत नेहमीची रेल्वे जाते. त्या स्थानकाच्या शेजारीच सेव्हर्न व्हॅली रेल्वेचे स्थानक आहे आणि तेथून वाफेच्या इंजिनाची गाडी ब्यूडलीला नेते. या रेल्वेचा मूळ मार्ग 1862 मध्ये सुरू झाला, पुढे तोट्यामुळे टप्प्याटप्प्याने बंद पडला, आणि ब्यूडलीहून किडरमिन्स्टरकडे जाणारी शेवटची नियमित प्रवासी सेवा 1970 मध्ये थांबली. त्याच वर्षी हौशी मंडळींनी उत्तरेकडच्या ब्रिजनॉर्थच्या बाजूने गाड्या पुन्हा चालवायला सुरुवात केली. 1974 मध्ये ते ब्यूडलीपर्यंत आणि 1984 मध्ये किडरमिन्स्टरपर्यंत पोहोचले. आज सुमारे 26 किलोमीटरच्या या मार्गावर बरेचसे काम स्वयंसेवक करतात. बोगद्यातून बाहेर पडल्यावर गाडी एका सफारी पार्कच्या कडेने जाते. इंग्लंडच्या हिरव्या उतारावर शांतपणे चरणारे आफ्रिकी प्राणी आणि त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता तिकिटे तपासणारे गणवेशातील वृद्ध गृहस्थ, असा तो प्रसंग असतो. ज्या वाहनाने ब्यूडलीच्या नदीवाहतुकीचा शेवटचा उरलेला जीवही घेतला, त्याच वाहनातून आपण त्या बंदराला भेट द्यायला चाललो आहोत, ही विसंगती मला रस्ताभर खटकत होती. त्या प्रवासात आनंद मात्र पुरेपूर होता.

स्थानक नदीच्या पूर्व काठावर, रिबनहॉल या भागात आहे. तेथून उतार उतरून आले की पूल लागतो, आणि ब्यूडलीचे पहिले दर्शन या पुलावरूनच घ्यावे. थॉमस टेल्फर्ड या अभियंत्याने 1798 मध्ये बांधलेला हा दगडी पूल तीन कमानींचा आहे. त्या काळी टेल्फर्ड शेजारच्या श्रॉपशायर काउंटीचा सर्व्हेयर होता आणि त्याची मोठी कीर्ती अजून व्हायची होती. पंधराव्या शतकातील जुना पूल 1795 च्या फेब्रुवारीतील प्रचंड पुरात गेला. त्या वर्षी बर्फ एकाएकी वितळून सेव्हर्नने आपल्या काठचे अनेक पूल नेले होते. टेल्फर्डच्या पुलाकडे पाहताना लक्षात येते की त्याच्या कमानी रुंद आणि सौम्य आहेत, पात्रात पाय कमीत कमी रोवलेले आहेत, आणि पाणी वाढले तर त्याला जायला वाट ठेवलेली आहे. तो सुंदर आहेच, पण त्याचे सौंदर्य या हिशेबीपणातून आले आहे. पुढच्या सव्वादोनशे वर्षांत सेव्हर्नने या गावात किती वेळा धुमाकूळ घातला हे पाहिले, तर हा हिशेब बरोबर होता असे म्हणावे लागते.

पुलाच्या कठड्याला टेकून पश्चिमेकडे पाहिले की सेव्हर्नसाइड दिसते. नदीला समांतर जाणारा हा फरसबंद रस्ता, त्याच्या कडेची विटांची उंच, सरळ, मोठ्या खिडक्यांची घरे, आणि दगडी काठावरून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, हे सगळे एकत्र पाहिले की हा एके काळचा धक्का आहे हे कोणी सांगावे लागत नाही. घरांची तोंडे नदीकडे आहेत. इंग्लंडमधील पुष्कळ जुन्या गावांत नदी घरांच्या मागच्या बाजूने, सांडपाणी आणि कातडी कमावण्याच्या कुंडांच्या संगतीने वाहते. येथे मात्र श्रीमंत व्यापाऱ्यांनी आपला दिवाणखाना पाण्यासमोर मांडला, कारण त्यांचे सारे वैभव त्या पाण्यावरून येत होते आणि आपली खेप आली की नाही हे त्यांना खिडकीतून दिसत होते.

बंदर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पाणी आणि जहाजे उभी राहतात. ब्यूडलीत काही तास फिरल्यावर माझे मत असे झाले की बंदराचे मर्म पाण्यात नसून उतरवण्या-चढवण्यात आहे. जेथे माल एका वाहनावरून काढून दुसऱ्यावर चढवणे भागच पडते, ती जागा बंदर होते. मग तेथे हमाल लागतात, गोदामे लागतात, दलाल लागतात, खानावळी आणि तबेले लागतात, आणि या सगळ्यांच्या वस्तीतून गाव उभे राहते. ब्यूडलीचे भाग्य असे की 1447 पासून येथे सेव्हर्नवर पूल होता. त्यामुळे वेल्सच्या बाजूने येणारी वाट आणि किडरमिन्स्टर, डडली, बर्मिंगहॅमकडे जाणाऱ्या वाटा नदीवर एकमेकींना भेटत. नदीपलीकडच्या पूर्वेला लोखंडकाम करणारी गावे पसरलेली होती. त्यांना कच्चे लोखंड हवे होते आणि त्यांनी घडवलेले खिळे, कुलपे, अवजारे बाहेर जायला हवी होती. मधल्या प्रदेशात रस्ते इतके वाईट होते की चाकाच्या गाडीपेक्षा ओझ्याचे घोडे बरे, अशी अवस्था होती. रिबनहॉलच्या बाजूला घोड्यांचे तांडे येऊन थांबत, त्यांच्या पाठीवरची ओझी काठावर उतरत आणि तेथून नावेत जात. नावेतून आलेला माल त्याच घोड्यांवर लादून परत पाठवला जाई. वरच्या स्टॅफर्डशायरमधील कुंभारांची मातीची भांडीदेखील घोड्यांच्या पाठीवरून येथे येत आणि त्यांतील किती वाटेत फुटत हे त्या कुंभारांनाच ठाऊक. हा शेवटचा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

सेव्हर्नवर चालणाऱ्या नावेला ट्रो म्हणत. तिचा तळ सपाट असे, म्हणजे उथळ पाण्यातही ती चाले. तिला चौकोनी शीड असे आणि पुलाखालून जाताना डोलकाठी आडवी पाडता येई. प्रवाहाबरोबर खाली जाणे त्यातल्या त्यात सोपे होते. वर येताना वारा साथ देईना तेव्हा माणसे दोर खांद्याला लावून नाव ओढत. बो-हॉलर म्हणून ओळखले जाणारे हे लोक टोळीने काम करत, छातीवर पट्टे बांधून, अर्धे वाकून, काठच्या चिखलातून, काट्याकुट्यांतून आणि प्रसंगी कमरेइतक्या पाण्यातून चालत. घोड्यांना चालता येईल अशी सलग वाट या काठाने झाली ती थेट अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर. तोपर्यंत ब्रिस्टलकडून आलेल्या साखरेच्या पिंपाला शेवटचे कित्येक किलोमीटर माणसांच्या पाठींनी ओढून आणलेले असे. आणि ती साखर व तो तंबाखू ज्या मळ्यांत पिके, त्या कॅरिबियन बेटांवर आणि व्हर्जिनियात गुलाम म्हणून राबवलेल्या आफ्रिकी माणसांच्या श्रमांचा हिशेब तर या धक्क्यावर कोणी मांडलाच नाही. सेव्हर्नसाइडच्या देखण्या दर्शनी भिंतींचे कौतुक करताना त्या विटांत हे दोन्ही श्रम मुरलेले आहेत याचे भान ठेवावे, असे मला वाटते.

या वाहतुकीला एक मोठी सवलत होती आणि एक मोठी अडचण होती. सवलत अशी की सेव्हर्न ही जुन्या कायद्याने सर्वांना मोकळी असलेली नदी होती. 1431 च्या कायद्याने तिच्यावरील मुक्त संचाराला संरक्षण दिले होते आणि त्यामुळे तिच्यावरून माल नेणे स्वस्त पडे. अडचण अशी की पाणी निसर्गाच्या मर्जीवर होते. वेल्समधील प्लिनलिमन डोंगरावर उगम पावून 354 किलोमीटर वाहणाऱ्या या नदीला वरच्या भागात पाऊस झाला तरच पाणी. कोरड्या उन्हाळ्यात नावा वाळूच्या दांड्यांवर आठवडेच्या आठवडे अडकून पडत, हिवाळ्यात पूर येई, आणि या दोन्हींच्या मधल्या दिवसांत व्यापाऱ्यांनी आपला वर्षाचा धंदा करून घ्यायचा असे.

नदीने आणलेल्या मालापेक्षा गावाने स्वतः तयार केलेला माल मला अधिक रंजक वाटला. पश्चिमेला लागूनच वायर फॉरेस्ट हे मोठे ओकचे जंगल आहे. त्या लाकडापासून लोणारी कोळसा होई आणि सालीने कातडी कमावली जाई. कातड्यामागून शिंगे आली आणि शिंगांच्या फण्या होऊ लागल्या. गावात दोरखंड वळणारे होते, पितळ आणि कथिल ओतणारे ओतारी होते, आणि सर्वांत प्रसिद्ध असे टोप्या विणणारे होते. मॉनमथ टोपी नावाची जाड लोकरीची, विणून मग धुऊन-आटवून घट्ट केलेली टोपी खलाशी आणि सैनिक वापरत. मूळ वेल्सच्या सीमेवरच्या मॉनमथ गावचा हा धंदा पुढे ब्यूडलीत येऊन स्थिरावला. इंग्लंडच्या संसदेने 1571 मध्ये असा कायदा केला होता की उमराव आणि काही अपवाद सोडून सहा वर्षांवरील प्रत्येकाने रविवारी आणि सणाच्या दिवशी इंग्लंडमध्ये बनलेली लोकरीची टोपी घातलीच पाहिजे. टोपी विणणाऱ्यांच्या पोटासाठी सगळ्या देशाच्या डोक्यावर टोपी ठेवणारा हा कायदा लोकांनी फारसा मनावर घेतला नाही आणि 1597 मध्ये तो रद्द झाला. खलाशांना मात्र टोपीसाठी कायद्याची गरज नव्हती, आणि ब्यूडलीचा टोप्यांचा धंदा त्यांच्या भरवशावर पुढेही चालत राहिला.

पुलावरून सरळ वर जाणारा लोड स्ट्रीट हा गावाचा मुख्य रस्ता आहे. तो गावाच्या मानाने अनपेक्षित रुंद आहे आणि त्याच्या डोक्याशी, रस्त्याच्या ऐन मध्यावर, सेंट ॲनचे चर्च उभे आहे. त्याचा मनोरा सतराव्या शतकाच्या शेवटचा आणि मुख्य इमारत 1740 च्या दशकातील आहे. तेथे रस्त्याला फाटे फुटतात. या रस्त्यांवरून हिंडताना एक खेळ खेळता येतो. दर्शनी भिंत पाहून घराचे वय ठरवायचे आणि मग बाजूच्या बोळात शिरून त्याच घराची कड पाहायची. पुढून अठराव्या शतकातील सुबक वीटकाम, एकसारख्या खिडक्या, दारावर कोरीव पाखे असा थाट असतो. बोळातून पाहिले तर त्याच घराच्या काळपट ओक लाकडाच्या तुळया आणि त्यांमधली माती-चुन्याची भरण दिसू लागते, म्हणजे घर शे-दीडशे वर्षांनी अधिक जुने निघते. पैसा आल्यावर लोकांनी घर पाडले नाही, त्याला नवा चेहरा लावला. मला या काटकसरी दिखाऊपणात काही वावगे वाटत नाही. उलट त्यामुळेच दोन्ही काळ एकाच भिंतीत वाचायला मिळतात.

गावाच्या मागच्या टेकडीवर टिकनहिल नावाचा वाडा आहे. राजघराण्याची ही जुनी मालमत्ता. सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा प्रिन्स आर्थर आणि स्पेनची राजकन्या कॅथरीन यांचा विवाह 1499 मध्ये याच वाड्यात लागला. वधू तेव्हा स्पेनमध्येच होती आणि तिच्या जागी स्पेनचा राजदूत उभा राहिला होता. तीन वर्षांनी आर्थर लडलो येथे मरण पावला आणि वूस्टरच्या कॅथीड्रलकडे नेताना त्याची शवयात्रा ब्यूडलीवरूनच गेली. पुढे कॅथरीनने धाकट्या भावाशी, आठव्या हेन्रीशी लग्न केले आणि त्या विवाहाच्या वादातून इंग्लंडचा धर्मच बदलला. एवढ्या मोठ्या घटनांची सुरुवात या वाड्यात झाली खरी, पण बंदराच्या गोष्टीशी त्यांचा संबंध इतकाच की राजकृपेमुळे गावाला लवकर प्रतिष्ठा मिळाली. चौथ्या एडवर्डने 1472 मध्ये सनद दिली, आणि आठव्या हेन्रीच्या काळात येथून गेलेल्या एका प्रवाशाने गावातील सारी बांधकामे नवी असल्याचे आणि उगवत्या सूर्यात गाव सोन्यासारखे झळकत असल्याचे लिहून ठेवले.

आता त्या कालव्याविषयी, ज्याच्याशिवाय ब्यूडलीत कोणाशीही बोलणे पुरे होत नाही. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने आखलेल्या स्टॅफर्डशायर आणि वूस्टरशायर कालव्याला 1766 मध्ये संसदेची मंजुरी मिळाली आणि 1772 मध्ये तो पूर्ण झाला. ट्रेंट आणि सेव्हर्न या दोन नद्यांना जोडण्याच्या मोठ्या योजनेचा तो भाग होता. 74 किलोमीटर लांबीचा हा कालवा सेव्हर्नला मिळाला तो ब्यूडलीत नाही, तर सुमारे सहा किलोमीटर खाली, जेथे तोवर एका वाडीपलीकडे काही नव्हते. त्या वाडीचे पाहता पाहता स्टॉअरपोर्ट झाले. गावात सांगितली जाणारी कथा अशी की कालवा प्रथम ब्यूडलीलाच येणार होता, पण येथील गर्विष्ठ व्यापाऱ्यांनी ब्रिंडलीला तुझा तो घाणेरडा नाला आमच्याकडे नको असे सुनावले आणि स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली. संग्रहालयातील एका वयस्क स्वयंसेवकांनी मला ही कथा अगदी रंगवून सांगितली आणि शेवटी डोळे मिचकावून, अर्थात याला पुरावा काही नाही, अशी पुस्तीही जोडली.

मला ही कथा खरी वाटत नाही. ब्रिंडलीची कामाची पद्धत अशी होती की शक्यतो जमिनीच्या समपातळीला धरून, ओढ्या-नद्यांच्या खोऱ्यांतून कालवा न्यायचा, म्हणजे लॉक (पाण्याची पातळी बदलून नाव वर-खाली नेणारे दारांचे कुंड) आणि बोगद्यांचा खर्च कमी होतो. किडरमिन्स्टरवरून येणारी स्टॉअर नदी जेथे सेव्हर्नला मिळते, तेथे तिच्या खोऱ्यातून उतरणारी सोपी वाट आधीच तयार होती. ब्यूडलीच्या बाजूला येण्यासाठी मधला उंचवटा ओलांडावा लागला असता. जो उंचवटा पुढे रेल्वेला बोगद्याने भेदावा लागला, तो 1760 च्या दशकात कालव्याने ओलांडावा अशी अपेक्षा कोणत्याही शहाण्या अभियंत्याकडून करता येणार नाही. तेव्हा ब्यूडलीकरांनी हो म्हटले असते किंवा नाही म्हटले असते, कालवा बहुधा तेथेच गेला असता. मग ही कथा एवढी टिकली का? याचे उत्तर मला असे सुचते की, भूगोलाने आपल्याला डावलले यापेक्षा आपण स्वतःच्या ताठ्याने बुडालो, हे सांगण्यात गावाचा मान राहतो. हरणाऱ्याला निदान निर्णय तरी आपला होता असे म्हणता येते.

कालव्याने नेमके काय बिघडवले, हे मात्र नीट समजून घेण्यासारखे आहे. सेव्हर्नचे पाणी त्याने घेतले नाही की नावा अडवल्या नाहीत. त्याने फक्त उतरवण्याची जागा हलवली. आता स्टॅफर्डशायरची भांडी कालव्याच्या नावेत भरून थेट स्टॉअरपोर्टपर्यंत येऊ लागली. घोड्याच्या पाठीवरचे धक्के नाहीत, फूटतूट नाही, आणि एक घोडा पाठीवर नेई त्याच्या कितीतरी पट माल तोच घोडा आता पाण्यावरून ओढू लागला. जोसाया वेजवुडसारखा कुंभारकामातील मोठा कारखानदार कालव्यांचा एवढा कट्टर पुरस्कर्ता का होता, हे येथे कळते. ओझ्याच्या घोड्यांचे तांडे विरळ झाले आणि त्यांच्याबरोबर ब्यूडलीच्या धक्क्याचे कारणही संपले. एका रात्रीत काही झाले नाही. लोड स्ट्रीटवरचा गिल्डहॉल 1808 चा आहे आणि टेल्फर्डचा पूलही कालव्यानंतरचाच, म्हणजे गावात पैसा पुढेही काही काळ होता. पण वाढ थांबली होती. 1840 च्या दशकात सेव्हर्नवर लॉक आणि बंधारे बांधून खोल पाण्याची सोय केली गेली, तीही ग्लॉस्टरपासून स्टॉअरपोर्टपर्यंतच. शेवटचे लॉक स्टॉअरपोर्टच्या किंचित खाली लिंकम येथे आहे. त्याच्या वर, म्हणजे ब्यूडलीकडे, नदी पूर्वीसारखीच लहरी राहिली. त्यानंतर 1862 मध्ये रेल्वे आली आणि नदीच्या कडेकडेनेच गेल्याने उरलासुरला मालही तिने उचलला. वरच्या सेव्हर्नवरील मालवाहतुकीचा शेवट 1895 मध्ये झाला असे मानतात. त्या वर्षी एक मालाची नाव ब्रिजनॉर्थच्या पुलाच्या खांबावर आदळून बुडाली आणि त्यानंतर कोणी नाव काढली नाही.

हे सारे समजून घ्यायला गावातील संग्रहालय फार उपयोगी आहे. ते 1783 मध्ये बांधलेल्या खाटकांच्या बाजारात आहे. एका फरसबंद गल्लीच्या दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी आणि त्यांमागे एके काळची मांसाची दुकाने अशी ती रचना असून त्या गाळ्यांतच आता कारागिरांच्या वस्तू मांडलेल्या आहेत. प्रवेशाला शुल्क नाही. पितळ ओतण्याची जुनी भट्टी, दोरखंड वळण्याची साधने, वायर फॉरेस्टमधील लाकूडतोड्यांची आणि कोळसा पाडणाऱ्यांची अवजारे, गावातील जुन्या कैदखान्याच्या कोठड्या, असे बरेच काही आहे. मला सर्वांत आवडले ते दोरखंडांचे दालन, कारण ट्रो ओढणाऱ्या माणसांची सारी गोष्ट त्या एका वस्तूवर लोंबकळत होती. मागच्या बाजूला बाग आहे आणि तेथे बसून डबा खाण्याला कोणाची हरकत नसते.

गावात स्टॅन्ली बॉल्डविन यांचा पुतळा आहे. तीन वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झालेले बॉल्डविन 1867 मध्ये याच गावात जन्मले आणि 1908 पासून 1937 पर्यंत याच मतदारसंघाचे खासदार होते. मराठी वाचकाला त्यांच्यापाशी थांबायला दोन कारणे आहेत. पहिले असे की त्यांच्या आईची सख्खी बहीण ही मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात राहणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांची पत्नी, म्हणजे त्या आवारात जन्मलेले रुडयार्ड किपलिंग हे बॉल्डविन यांचे मावसभाऊ. दुसरे असे की 1935 चा भारत सरकार कायदा मंजूर झाला तेव्हा पंतप्रधान बॉल्डविनच होते आणि त्यासाठी त्यांना आपल्याच पक्षातील चर्चिल यांचा कडवा विरोध सोसावा लागला होता. माझ्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने मात्र त्यांचे वडील अधिक महत्त्वाचे आहेत. आल्फ्रेड बॉल्डविन यांचा लोखंडाचा कारखाना स्टॉअरपोर्टजवळच्या विल्डन येथे होता आणि पुढे ते ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे अध्यक्ष झाले. ही सेव्हर्न व्हॅलीची रेल्वे त्याच कंपनीच्या ताब्यात होती. ब्यूडलीने संसदेत पाठवलेल्या या घराण्याचा पैसा कालव्याकाठच्या गावाशेजारी आणि मान रेल्वेत होता, यात मला त्या काळाचे सारे अर्थकारण दिसले.

बंदर गेले तरी नदी गेली नाही, हे ब्यूडलीकरांना दर काही वर्षांनी नव्याने कळते. येथील जलमापन केंद्रात 1921 पासूनच्या नोंदी आहेत आणि त्यांत 1947 चा पूर अजूनही लोकांच्या बोलण्यात आहे. सन 2000 च्या शरद ऋतूतील पुराने सेव्हर्नसाइडची घरे पुन्हा पाण्यात गेली. त्यानंतर तेथे जी व्यवस्था केली गेली ती पाहण्यासारखी आहे. कायमची उंच भिंत बांधली असती तर पाणी अडले असते, पण नदीकडे तोंड करून उभ्या असलेल्या घरांचे आणि नदीचे नाते तुटले असते. म्हणून फरसबंदीखाली पक्का पाया करून त्यात खाचा ठेवल्या आहेत. पुराचा इशारा आला की कर्मचारी येऊन त्या खाचांत खांब उभे करतात आणि खांबांमध्ये ॲल्युमिनियमच्या फळ्या एकावर एक बसवून काही तासांत भिंत उभी करतात. पूर ओसरला की ती काढून ठेवायची. आपण चालताना पायाखालच्या झाकणांकडे लक्ष दिले नाही तर येथे असे काही आहे हे कळतही नाही. पूर्व काठावरच्या बील्स कॉर्नरला अशी पक्की सोय नव्हती. तेथे तात्पुरते अडथळे उभे केले जात आणि फेब्रुवारी 2020 मध्ये पाणी ते ओलांडून घरांत शिरले. एकाच गावाच्या दोन काठांना असे दोन न्याय का, हा प्रश्न तेथील रहिवाशांनी सरकारला वर्षानुवर्षे विचारला, आणि तो अगदी रास्त होता.

ब्यूडली पाहायला जाणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे की स्टॉअरपोर्ट त्याच फेरीत पाहावे, शक्य तर नदीकाठाने चालत जाऊन. वाट सपाट आहे आणि मध्ये ब्लॅकस्टोन रॉक नावाचा लाल वालुकाश्माचा कडा लागतो, ज्यात कोरलेल्या गुहांत पूर्वी संन्यासी राहत असे सांगतात. प्रवासाची पुस्तके स्टॉअरपोर्टला दुय्यम मानतात, कारण तेथे नदीकाठी जत्रेतले पाळणे आणि तळलेल्या मासळीची दुकाने आहेत आणि ब्यूडलीचा डौल नाही. मात्र कालवा नदीला मिळतो तेथे एकाखाली एक असलेली पाण्याची कुंडे, त्यांना जोडणारी लॉक, घड्याळाचा मनोरा असलेले गोदाम, आणि कालवा कंपनीने 1773 च्या सुमारास नदीसमोर बांधलेली टॉन्टीन ही प्रशस्त विटांची इमारत, हे सगळे पाहिल्यावर सहा किलोमीटर वरच्या गावाचे काय झाले ते डोळ्यांना कळते. कुंडांत आज सहलीच्या रंगीत नावा उभ्या असतात. त्या नदीत उतरल्या तर खाली वूस्टर, ग्लॉस्टरपर्यंत जाऊ शकतात, वर ब्यूडलीला मात्र जात नाहीत. मी परत येताना चालण्याचा कंटाळा केला आणि बस पकडली. ती ब्यूडलीच्या पुलाजवळ सोडते.